विहिरीवरच्या इंजनाचा आवाज

खंडेनवमीच्या पूजेसाठी ह्यांचं लेथ मशीन पुसताना तेलाचा वास आला आणि ती संध्याकाळ आठवली. सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात आल्यावर ह्यांना हौसेखातर घरीच, खरंखुरं चालणारं छोटं इंजिन बनवायचं होतं. पहिलं कोणतं करावं ते ठरेना, म्हणून मोबाईलवर एकेकाचा आवाज मला ऐकवत होते. एक अगदी सावकाश फटफटलं. मी म्हटलं, "आवं, ह्यो तर आमच्या पलूसच्या विहिरीवरच्या इंजनाचा आवाज." ते हसले. "मग हेच करू. तुजं म्हायेर घरात आणतो." त्याचं चाक तेवढं तयार झालं, मग दवाखाना लागला आणि ते गेले. आज त्या चाकाला झेंडू वाहिला, बोटाने फिरवलं. बराच वेळ फिरत राहिलं, अगदी मुकाट.