सासऱ्यांचा कूलर आणि माझी आंघोळ

माझ्या सासऱ्यांच्या घरी उन्हाळ्यात कोणीही अंगाला साबण लावत नसे. ही गोष्ट मला सोडून अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होती!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि अधिक महिना नेमका ज्येष्ठात आला. धोंड्याच्या जेवणासाठी नागपूरचं बोलावणं! मी कोकणातला, रहाटाशेजारी बसून कळशीमागून कळशी अंगावर ओतणारा. लेक इतक्या लांब गेली म्हणून सासरे अजून घुश्शात होते. मला 'जावईबापू' म्हणत, पण असं, की मी जप्तीलाच आलोय! नलिनीने, म्हणजे बायकोने, गाडीतच बजावलं, "या खेपेला बाबांच्या मनात भरा. बाकी मला काही नको."

मनात भरायचं तर आधी घाम धुवायला हवा! न्हाणीघरात बादलीभर पाणी, बसायला जस्ताचा टब, आणि शेजारी वाटीत डाळीचं पीठ. (सासूबाई भजी करता करता विसरल्या असतील, बिचाऱ्या!) मी खास आणलेली चंदनाची वडी काढली आणि निम्मी झिजवली. डोक्यालाही तीच. टबात माझेच पाय मला दिसेनात!

आता त्या घराचा कायदा ऐका. नळ सकाळी तेवढा यायचा, आणि सीताबर्डीच्या बाजारातून हौसेने आणलेला कूलर दिवसभर पाणी प्यायचा. म्हणून सगळ्यांनी टबात बसून, पीठ लावून नाहायचं आणि ते पाणी गाळून कूलरला घालायचं. "घामच तर धुतला, पाण्यानं काय पाप केलं?" हे सासऱ्यांचं म्हणणं. माझा टब उचलताना साळा फेस बघून थबकला होता म्हणे. पण जावयाच्या पाण्याला नाव कोण ठेवणार? त्याने निमूट गाळलं आणि ओतलं.

मी पाटावर बसलो. चांदीचं ताट, अनारसे, समोर तेवतं निरांजन.

"लाव गा कूलर फुल्ल!" सासरे साळ्यावर ओरडले. "जावयाले गरमी होऊन राहिली!"

आधी आला सुगंध. "वा! कूलरचा वाळा काय मस्त महकून राहिला!" सासरे खूश. वाळा कसला, माझं चंदन! मी मनातल्या मनात फुललो. मग एक बुडबुडा तरंगत आला आणि अनारशावर बसला. मग दहा. मग पांढरे गोळेच! एक वरणात पडला, एक थेट निरांजनावर. चर्र!

"माय वं! दिवा गेला!" रामटेकच्या आत्तेसासूबाई किंचाळल्या. नलिनीने डोळे मिटले; मला सांगायचं तीही विसरली होती.

"काहून वं, जावयाले सांगतलं नाही काय?" सासरे गरजले.

"काय सांगू?" सासूबाई रडवेल्या झाल्या. "जावई म्हणजे विष्णू! त्याले साबण लावू नका म्हणू?"

एवढ्यात फेसाचा शेवटचा गोळा सासऱ्यांच्या टकलावर अलगद उतरला. त्यांनी तो बोटाने पुसला, हुंगला, आणि असे खदखदून हसले की धोतर सावरावं लागलं.

"अरे बाप्पा! भर उन्हाळ्यात नागपुरात बर्फ पाडला या पोट्ट्यानं!"

त्या दिवसापासून मी त्यांचा 'पोट्टा', म्हणजे घरचाच पोरगा झालो, तो त्यांच्या शेवटापर्यंत. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी हाक मारली नाही. फार आठवण येते हो त्यांची.

आज घरी शॉवर आहे. पण मी अजूनही टबातच बसतो, बादलीभर पाण्यात, डाळीचं पीठ लावून. आणि नलिनी नाकाला पदर लावून रोज दाराबाहेरून ओरडते, "अहो, कूलर कधीच भंगारात गेला, आता एसी आहे! साबण लावा हो!"