मोतुहिनावरून शेवटचा माणूस कसा आला

कालोलाइने ही गव्हर्नरच्या कचेरीत साहाय्यक होती. समुद्रातला ज्वालामुखी फुटून त्सुनामी आली तेव्हा गव्हर्नरसाहेब राजधानीत होते आणि तिथेच अडकून पडले. समुद्राखालची फोनची तारही तुटली. त्यामुळे हापाईच्या बेटांवर परदेशातून येईल ती मदत उतरवून घेणं, बेटाबेटांवर पोचवणं आणि पाहुण्यांची आपसातली भांडणं मिटवणं हे सगळं तिच्या गळ्यात पडलं. साठीला टेकलेली बाई. गुडघे कुरकुरत, पण ती स्वतः कधी कुरकुरत नसे.

रोज सकाळी पांगाई या मुख्य गावातल्या चर्चच्या सभागृहात बैठक भरायची. सुरुवात प्रार्थनेने. पाद्रीबाबांची प्रार्थना लांबत जायची आणि परदेशी लोक डोळे मिटल्यासारखे ठेवून घड्याळ बघायला शिकले होते. दोन देशांनी खारं पाणी गोडं करायची यंत्रं आणली होती. दोघांनाही आपलंच यंत्र धक्क्यावर हवं होतं, कारण फोटो तिथे चांगला यायचा. तिसऱ्या देशाने लोकरीची पांघरुणं पाठवली. तेव्हा ऊन असं होतं की धक्क्यावर अनवाणी उभं राहवत नव्हतं. कालोलाइनेने पांघरुणांचे मनापासून आभार मानले आणि त्यांचे गठ्ठे धक्क्याच्या कडेला बांधून घेतले, म्हणजे बोटी घासायच्या नाहीत. एक यंत्र धक्क्यावर लावलं, दुसरं इस्पितळात. दोघांनाही तिने वेगवेगळं गाठून सांगितलं की तुमची जागा जास्त मोलाची आहे.

हे सगळं जमत होतं. जमत नव्हतं ते मोतुहिनाचं.

मोतुहिना हे बेट तिचं माहेर. लाटेने गावातलं एकही घर ठेवलं नाही. माणसं वेळेत टेकडीवर चढली म्हणून वाचली. पाण्याच्या टाक्यांत समुद्र शिरला, वरून ज्वालामुखीची राख पडली. आता हे गाव पांगाईला हलवायचं असं ठरलं. सगळे आले. एक माणूस आला नाही. तो म्हणजे मानासे, तिच्या दिवंगत भावाचा मुलगा.

"हेलिकॉप्टर पाठवलं," परदेशी जहाजाचा कप्तान बैठकीत म्हणाला. "त्याने खालून हात हलवला. मग माणसं पाठवली. त्यांना त्याने शहाळी पाजली आणि परत पाठवलं. वादळ येतंय, बाई. उद्या आम्हाला निघावंच लागेल. तो तुमचं तरी ऐकेल का?"

"ऐकेल."

"मग तुम्ही आधीच का नाही गेलात?"

कालोलाइनेने दुपारसाठी एक छोटी बोट मागून घेतली. आत्याचा शब्द भाच्याला मोडता येत नाही, ही बेटांवरची रीत त्या सभागृहात पाहुणे सोडून सगळ्यांना ठाऊक होती. तिने आजवर मानासेला एकही गोष्ट करायला सांगितली नव्हती. ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याला काही सांगायचं तिच्या जिवावर येई.

दुपारी ती जहाजाच्या छोट्या बोटीतून गेली. जाताना कमरेला केवड्याच्या पात्यांची चटई नीट गुंडाळली, कारण माहेरी जाताना तशी जायची पद्धत होती, माहेर उरलेलं असो की नसो.

मानासे स्मशानात होता. लाटेने थडग्यांवरची पांढरी वाळू धुऊन नेली होती आणि तो टोपलीने नवी आणून घालत होता. बापाचं थडगं झालं होतं. आता शेजाऱ्यांची चालली होती. जवळच एक दांडगा डुक्कर माडाला बांधलेला होता.

तिला बघून तो जमिनीवर बसला. आत्यासमोर उभं राहून बोलायचं नसतं.

"आत्या, तुम्ही सांगितलंत तर मला यावंच लागेल," तो म्हणाला. "म्हणून सांगू नका."

"प्यायला काय आहे तुला?"

"शहाळी."

"वादळात माड पडले म्हणजे?"

"पडलेल्या माडाची शहाळी."

ती भावाच्या थडग्यापाशी बसली. वाळू बारीक निवडलेली होती. शिंपल्याचा तुकडासुद्धा राहिला नव्हता. तिला वाटलं, इथेच बसून राहावं आणि पांगाईची बैठक कोणाला घ्यायची त्याला घेऊ द्यावी. बोटीवरचा खलाशी दोनदा हाक मारून गेला.

"ऊठ मानासे," ती शेवटी म्हणाली. "बोटीत बस."

तो उठला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्याने टोपली उपडी ठेवली आणि डुकराची दोरी सोडली.

"हा येणार," तो म्हणाला. "हा तुमच्या मयतीच्या जेवणासाठी पाळलाय."

"मी बरी आहे."

"ते दिसतंय. त्या जेवणाला हा अजून लहानच आहे."

खलाशाने जनावराला बोटीत घ्यायला साफ नकार दिला. बिनतारी यंत्रावर कप्तानाला विचारलं गेलं. कप्तानाने डुक्कर कोणाचा म्हणून विचारलं.

"माझ्या मयतीचा आहे," कालोलाइने म्हणाली.

मग कप्तानाने फार दुःख झाल्याचं कळवलं आणि डुकराला परवानगी दिली.

वादळ आलं. मोतुहिनावरचे निम्मे माड पडले. मानासेने ही बातमी ऐकली आणि तो पांगाईत तंबूचे दोर ओढत राहिला. आत्याशी तो अदबीने वागे, ताटात पहिला वाटा तिला वाढी, पण आपणहून एक शब्द बोलत नसे. तिनेही त्याला बोल असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर तो बोलला असता.

हिवाळ्यात तंबूंच्या वस्तीत म्हातारा तानिएला गेला. तोही मोतुहिनाचाच. त्याच्या घरच्यांकडे मयतीचं जेवण घालायला काहीच नव्हतं. पहाटे मानासेने डुक्कर कापला आणि त्यांच्या भट्टीवर नेऊन दिला. आत्याला विचारलं नाही. ती जेवायला गेली, पहिल्या पंगतीला बसली, आणि तिने डुकराचं मांस पुन्हा मागून घेऊन खाल्लं.

जेवणं उरकल्यावर तो तिच्या चटईच्या कडेला येऊन बसला.

"म्हाताऱ्याला तिकडे पुरायला हवं," तो म्हणाला.

"बोट आहे," ती म्हणाली. "मी विचारून ठेवलीय."

तानिएलाला मोतुहिनावर नेलं. मानासेने खड्डा खणला. कालोलाइने पदराएवढ्या कापडात किनाऱ्यावरून वाळू आणत होती, गुडघ्यांमुळे हळूहळू. तिसऱ्या खेपेला त्याने तिच्या हातून कापड काढून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही निवडा. मी आणतो."