आमच्या पलटणीचा हुकर

लान्स नायक असताना माझी पोस्टिंग बी कंपनीत झाली. पहिल्याच संध्याकाळी मैदानावर एक बुटका, रुंद खांद्यांचा हवालदार आम्हा नव्यांना रांगेत उभे करून विचारत होता, वजन किती आणि कबड्डी कोण कोण खेळले आहे. त्यांचे नाव दौलत सोनवणे. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. उंची पाच फूट सहा, वजन चौऱ्याहत्तर किलो. ते भारताच्या संघातून रग्बी खेळलेले आहेत हे मला लंगरमधल्या कुकने सांगितले. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

रग्बीत अंडाकृती चेंडू काखेत मारून समोरच्यांची रेषा ओलांडायची असते. आम्ही खानदेश-मराठवाड्याची पोरे; आमच्या अंगात कबड्डी भिनलेली. पहिल्या सरावात चेंडू माझ्या हाती आला. मी समोरच्या गड्याला हात लावला आणि सवयीने वळून चेंडूसकट आपल्याच रेषेकडे पळत सुटलो. मैदान हसत होते. उस्तादांनी शिट्टी वाजवली नाही. जवळ आले आणि अहिराणीत विचारले, "घरनी याद उनी का रे, भाऊ?" त्या दिवसापासून कंपनीत माझे नाव 'वापसी' पडले. रिटायरमेंटच्या पार्टीतही काहींना माझे खरे नाव आठवत नव्हते.

उस्ताद धुळ्याकडच्या एका गावातून भरती झाले होते. अंगात कुस्ती होती, रग्बी त्यांना फौजेने शिकवली. आधी पलटणीचा संघ, मग सैन्याचा, मग देशाचा. परदेशाचे तीन दौरे. त्यांची जागा हुकरची. दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांद्याला खांदे अडकवून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. हुकर त्यात पहिल्या फळीच्या मधोमध असतो. परदेशातल्या सामन्यांचे कुणी विचारले तर ते म्हणायचे, "हरलो. पण फळी मोडली नाही." वाढवून सांगणे त्यांना येत नव्हते. फुशारक्यांनी भरलेल्या बराकीत मला त्या माणसाचा मोठेपणा याच गोष्टीत दिसला.

पुढे ते नायब सुभेदार झाले. वय पस्तीस. गुडघे बोलायला लागले होते. त्या वर्षी देशाच्या संघाच्या शिबिरासाठी त्यांना पुन्हा बोलावणे आले. हे शेवटचे, हे त्यांनाही माहीत होते. सोमवारी निघायचे होते. शुक्रवारी पलटणीला हुकूम आला: सुरत जिल्ह्यात पूर, फ्लड रिलीफ कॉलम ताबडतोब रवाना. सीओ साहेबांनी त्यांना बोलावून सांगितले, तू थांब, तुझे शिबिर आहे.

"कॉलम परत आला की जातो, साहेब," ते म्हणाले. गाडीत आमच्याआधी चढले होते.

शनिवारी दुपारी आम्ही कडोदऱ्याच्या अलीकडे खाडीच्या काठी होतो. पलीकडे एका लूमच्या शेडवर अकरा माणसे अडकलेली. बहुतेक आपल्याकडचीच, कारागीर आणि त्यांच्या बायका. शेडची एक भिंत बसली होती, दुसरी वाकली होती. आमच्याकडे एक बोट. पाण्यात गोदामांतून वाहून आलेल्या साड्या आणि सूत. अर्ध्या वाटेत पंख्याला साडी गुंडाळली आणि इंजिन बंद पडले. दोर टाकून बोट ओढून घेतली. पाणी छातीइतके होते, पण ओढ फार. आम्ही हाताला हात धरून कबड्डीची साखळी केली आणि उतरलो. दहा पावलांत साखळी तुटली. एक जवान वाहत गेला, विजेच्या खांबाला धरून वाचला.

उस्तादांनी सगळ्यांना बाहेर बोलावले.

"कबड्डी बंद. हात नही, कंबर धरा. बाइंड, स्क्रमसारखे."

स्वतः प्रवाहाच्या तोंडाला उभे राहिले. डावा हात नायक शिंदेंच्या खांद्यावर, उजवा माझ्या. मागे पाच जण, एकमेकांच्या पट्ट्यात मुठी अडकवून. आठ जणांची पाचर. तिच्या आडोशाला पाणी मंद होत होते आणि तिथून माणसे चालू शकत होती. पहिल्या फेरीत चार आणली, दुसऱ्यात चार. तिसऱ्यात उरलेली तीन: एक म्हातारे कारागीर, त्यांची बायको आणि सून.

आम्ही मध्यावर असताना वरून एक झाडाचे खोड येताना दिसले. उस्तादांनीही पाहिले. "खाली. हलू नका," एवढेच म्हणाले. एक हात सोडला असता तर खोड बाजूला लोटता आले असते. त्यांनी सोडला नाही. खोड त्यांच्या छातीवर आदळले, फिरले आणि निघून गेले. माझ्या खांद्यावरची त्यांची पकड तेवढी घट्ट झाली. आम्ही चालत राहिलो. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "मोज." मी मोजले. अकरा. मग ते खाली बसले.

मी रेडिओ घेतला.

"अल्फा फॉर कंट्रोल. सिव्हिलियन सगळे पार. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कॅज्युअल्टी सिव्हिलियन की आपली? ओव्हर."

"आपली. उस्ताद. ओव्हर."

कंट्रोलने अँब्युलन्स पाठवली.

अँब्युलन्स बारडोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत ते गेले होते.

पार्थिव घेऊन गावी जाणाऱ्यांत मी आणि शिंदे होतो. तेराव्यालाही गेलो, तेव्हा वहिनींना, म्हणजे उस्तादांच्या पत्नीला, खोडाचे आणि न सोडलेल्या हाताचे सगळे सांगितले. वहिनींनी त्यांचा एकही सामना पाहिला नव्हता. शिबिराचे काय झाले, त्यांनी विचारले. मी सांगितले की ते ठरल्या दिवशी सुरू झाले, उस्तादांच्या जागी कुणाला बोलावले नाही. मग म्हणाल्या, "ते त्या खेळात कसे उभे राहायचे, ते दाखवा."

ओट्यासमोर दोन दीर उभे होते. मी त्यांच्या मधे गेलो, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवरून टाकले, मुठी आवळल्या आणि वाकलो.

"म्हणजे दोन्ही हात दुसऱ्यांवर," वहिनी म्हणाल्या. "आपल्यासाठी एकही नाही."

"हो."

"आणि हेच पंधरा वर्षं खेळले." त्यांनी पदर सारखा केला. "मग ते हात सोडणार नव्हतेच."