आधी वजन कमी करा

गुडघा दुखतो म्हणून बारामतीतल्या एका डॉक्टरांकडे गेले, तेव्हा माझं वजन ब्याण्णव किलो होतं. त्यांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. "आधी वजन कमी करा, मग बघू," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. नंतर केस गळायला लागले, पाळी लांबायला लागली, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटायचे. दर वेळी तेच वाक्य. घशात काटा अडकला म्हणून गेले असते तरी त्यांनी तेच सांगितलं असतं.

मी सणसर गावची सून. बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. पाचला उठून गोठा, मग डबे, मग एसटी. आणि लोक खुशाल म्हणणार, बसून खाते म्हणून सुटलीय.

ऑफिसातल्या एकीनं मला एका क्लबात नेलं. दोन वेळा पावडरीचा शेक आणि एक वेळ जेवण. शनिवारी सगळ्यांदेखत काट्यावर उभं करायचे, आकडा मोठ्यानं वाचायचे. उतरलं की टाळ्या. चार महिन्यांत माझे तेरा किलो उतरले. त्या टाळ्या मला आवडायच्या, हे सांगायला आज लाज वाटते. चक्कर यायची, ते मी कुणाला बोलले नाही. शेक सुटला आणि वर्षाच्या आत तेराच्या तेरा परत आले, वर आणखी पाच. क्लबवाला म्हणाला, "मॅडम, तुमच्यात जिद्दच नाही." मी ते खरं मानलं. त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो मला.

त्या दिवाळीला नणंद माहेरी आली होती. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिनं दुसरी करंजी उचलली, तशी नणंद म्हणाली, "बास की गं. आईवानी झालीस तर कोण करंल तुला?" सगळे हसले. मीही हसले. पोरीनं करंजी ताटात परत ठेवली. शाळा सुरू झाली तशी ती डबा तसाच परत आणायला लागली. "भूक न्हाय मम्मी." आठ दिवसांनी ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली.

नवऱ्याच्या गाडीवरून तिला इंदापूरला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तिला तपासलं, तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचं काय?"

"माहितीय. वजन कमी करते," मी आधीच सांगून टाकलं.

"ते कुठं विचारलं मी? झोप कशी लागते?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, रक्त तपासायला दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेले, थायरॉईड निघालं. "ही तपासणी आधी कुणीच सांगितली नाही?"

"न्हाय."

मी तिथंच रडले, पण रागानं.

त्यांनी नीट समजावलं. गोळीनं थकवा जाईल, थोडं वजन उतरेल, सगळं नाही. उपाशी राहून घाईनं उतरवलेलं वजन शरीर परत मागतं, भूक वाढवून मागतं; त्यात जिद्दीचा संबंध नाही. जे वर्षानुवर्षं करता येईल तेवढंच धरा. मग विचारलं, "जेवता कशा?" सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं. दिवसभर साखरेचा चहा, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानं, पातेल्यात उरलेलं सगळं. टाकायचं कसं म्हणून.

घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "आत्या, उद्यापासनं मी सगळ्यांसंगट बसून जेवणार. उरलेलं माझ्या पोटात घालायचं न्हाय."

"मग कुणाच्या घालायचं?"

"म्हशीच्या."

दोन दिवस त्यांनी उरलेलं पातेलं माझ्यापुढंच सरकवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटाशेजारी माझंही ताट मांडलं त्यांनी. नणंदेला मी फोन केला. "वन्सं, माझ्या पोरीच्या ताटाकडं परत बघायचं न्हाय." ती म्हणाली, "गंमत केली गं." मी म्हटलं, "पोरगी पडली त्या गमतीनं." आणि फोन ठेवला.

कालव्याच्या कडेनं चालायला लागले. गाडीवरून जाणारे थांबून विचारायचे, "वहिनी, सोडू का?" त्यांना वाटायचं, धाप लागलीय तरी बाईला पायी चालावं लागतंय.

त्याला आता अडीच वर्षं झाली. अकरा किलो उतरले. मध्ये लग्नसराईत तीन वाढले होते, परत उतरायला पाच महिने गेले. हल्ली काटा हलत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, इथं टिकलात तरी पुष्कळ. जिना न थांबता चढते. मुलगी पोटभर जेवते, आणि ती जेवताना मी मुद्दाम दुसरीकडे बघते.

परवा स्टँडवर एक ओळखीची बाई भेटली. "अगं, किती बारीक झालीस! आता कशी माणसात आलीस!" मी तिला विचारलं, "आधी कशात होते?" माझी एसटी लागली होती, मी चढले.