खुर्चीचा आखूड पाय

चंद्रकांताबाई पाम गावी थोरल्या सुनेकडे राहायच्या, आणि बोईसरच्या फ्लॅटमधली धाकटी सून ज्ञानेश्वरी लग्न झाल्यापासून त्यावरून जळत होती. सासूबाई सणाला येत, कौतुकाने चार घास खात आणि ऊन उतरलं की म्हणत, चला, प्रियदर्शिनी वाट बघत असेल. प्रियदर्शिनी ही थोरली जाऊ. रंगाने बेताची, हाताला चवही बेताची, पण सासूबाईंच्या तोंडी सदा तिचंच नाव.

दिवाळीला ज्ञानेश्वरीला पामच्या माळ्यावर सासऱ्यांची सागवानी खुर्ची दिसली. सासऱ्यांच्याही आजोबांच्या वेळची. वेताची बैठक फाटलेली, एक हात निखळलेला, एक पाय बोटभर आखूड. ही आपण उभी केली तर आई आपल्याकडेच येऊन बसतील, असं तिच्या मनाने घेतलं. मी दुरुस्त करते, म्हणाली. प्रियदर्शिनीने लगेच टेम्पो बोलावून दिला. त्याचाही हिला रागच आला.

मग गॅलरीचा कारखाना झाला. नवरा कंपनीतून सुटून घरी आला की भुशातून वाट काढायचा. पॉलिश पेपरने घासून घासून तिने काळपट थर उतरवला, हात सरसाने बसवला. मोबाइलवर बघून वेत टबात भिजत घातला, बैठक विणली, चुकली, उसवली, परत विणली. घासताना डोळ्यांसमोर जावेचा चेहरा असे, त्यामुळे काम झपाट्याने झालं. आखूड पायाला सागाचाच तुकडा इतका बेमालूम जोडला की सांधा कळू नये. त्या तुकड्यावर तिचा फार जीव.

सासूबाई आल्या, बसल्या, खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले. डोळे भरून आले. ज्ञानेश्वरीला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात त्या खाली वाकल्या.

"ह्या पायाला तुकडा लावलास का गो? आपल्या ओटीचा कोपरा उंच हाय, म्हनून ह्यांनीच पाय कापला व्हता. तिकडं नेली का डुगडुगंल."

तिकडं नेली की! म्हणजे खुर्ची पामला जाणार होती. खुर्ची इथेच असू दे, तुम्हीही इथेच राहा, असं ज्ञानेश्वरी अगदी काकुळतीने म्हणाली. ओटीवर बसल्याबिगर मला करमत नाय, सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची घेऊन गेल्या.

डुगडुगू दे, एवढाच तिचा विसावा उरला. डुगडुगेल, सासूबाई वैतागतील, जावेला तुकडा कापायलाही जमणार नाही. ह्या विचारावर तिने होळीपर्यंतचे दिवस मजेत काढले.

होळीला पामला गेली तर खुर्ची ओटीवर ठाम उभी. वाकून पाहिलं. तुकडा जागच्या जागी होता. ओटीचा कोपरा मात्र तासून सपाट केलेला, वर ताजं सिमेंट.

"मी म्हटलं, काप तो तुकडा," सासूबाई सांगू लागल्या. "ही ऐकाला तयार नाय. म्हने, ज्ञानेश्वरीनं येवढ्या हौसेनं लावलाय, त्यापरीस ओटीच तासू. सोता छिन्नी घेऊन बसली."

प्रियदर्शिनी चहा घेऊन आली. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. ज्ञानेश्वरीने कप घेतला, चहा छान झालाय म्हणाली. ह्या बाईने तिला धड जळायलाही जागा ठेवली नव्हती, आणि म्हणूनच ती आणखी जळली.