टापटीप मामींच्या कोबीचा पंचनामा

मामींना सगळा गाव तोंडावर मामी म्हणायचा आणि पाठीमागे टापटीप. काम संपलं की त्या कुदळ धुवायच्या, पुसायच्या आणि मगच भिंतीला टेकवायच्या. कोबीचे वाफे दोरी लावून पाडायच्या. त्यांच्या शेतात शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात, असं शेजारी सांगत फिरायचा. मामांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हात टेकले होते. ते पाय धुऊन घरात यायचे, मामींचा चेहरा बघायचे आणि परत पाय धुवायला जायचे.

अशा बाईच्या वाट्याला त्या वर्षी चार महिने न उघडणारा पाऊस आला. हलायचं नावच घेईना. कोबी आधी पिवळा पडला, मग काळा, आणि शेवटी शेवटी गड्ड्याला हात लावला की बोटं आत जायला लागली. वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

सरकारनं मदत जाहीर केली. ज्यांचं पीक गेलं त्यांना पुढच्या हंगामाची रोपं आणि खत फुकट. अट एकच, अधिकारी शेतावर येऊन पंचनामा करणार, फोटो काढणार. मामा-मामींची सगळी मदार त्या रोपांवर होती. ती मिळाली नाहीत तर शेत पडीक राहणार आणि मामींना भाजी पॅक करायच्या शेडमध्ये कामाला जावं लागणार. ती शेड त्या एकदा बघून आल्या होत्या. तिथली फरशी आठवली की त्यांना अजून शहारे यायचे.

शनिवारी निरोप आला, मंगळवारी पंचनाम्याला अधिकारी मॅडम येणार. मामींच्या डोक्यात त्यातलं एवढंच शिरलं की कुणीतरी आपल्याकडे येणार.

"अहो, त्या बाईंना असल्या घाणीत उभं करायचं?"

"अगं, घाणच बघायला येतायत त्या!"

"बघू देत की. पण जरा आवरलेलं असलं म्हणजे आपल्यालाच बरं वाटतं."

मामांनी नेहमीप्रमाणे माघार घेतली. तीन दिवस दोघं भर पावसात राबली. एकूण एक गड्डा उपटला, कडेच्या खड्ड्यात टाकला, वर माती ओढून थोपटून सारखी केली. वाफे पुन्हा सरळ केले. मंगळवारी सकाळी शेत असं दिसत होतं, जणू काही झालंच नव्हतं.

मॅडम आल्या. गुडघ्यापर्यंत बूट, हातात मोबाईल, कपाळावर ओले केस. बांधावर उभं राहून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"नुकसान कुठाय?"

"आवरलं," मामी म्हणाल्या. "तुम्ही येणार होतात ना."

मॅडमनी मोबाईल खाली घेतला. "अहो मामी, रिकाम्या शेताचा फोटो टाकला तर वरचे म्हणतील इथे पीकच नव्हतं. मी काय लिहू?"

तेव्हा कुठे मामींच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा चेहरा पार उतरला. शेजारी बांधावरून हे सगळं ऐकतच होता. तो म्हणाला, "त्यात काय! माझ्याकडचे पाटीभर सडके गड्डे आणतो, मांडू वाफ्यावर."

"तुमची घाण माझ्या शेतात?" मामी कडाडल्या. "आणि वर खोटं?"

"मग ते सडकं पीक टाकलंत कुठे?" मॅडमनी विचारलं.

"खड्ड्यात की, बांधाच्या आत," मामा म्हणाले.

"म्हणजे शेतातच आहे. उकरा."

मामींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आलेल्या माणसाला खड्डा दाखवायचा! पण इलाज नव्हता. मामांनी कुदळ घेतली. माती निघाली तसा वास उसळला आणि शेजारी गुपचूप आपल्या घराकडे वळला. खाली अख्खं पीक काळं, लिबलिबीत होऊन पडलं होतं.

"मामी, खड्ड्याजवळ उभ्या राहा."

मामींनी केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि फोटोसाठी हसल्या.

"हसू नका हो, नुकसानीचा फोटो आहे."

मामींनी हसू आवरलं. मग कुठे बघावं ते कळेना म्हणून त्यांनी खाली पाहिलं. तीन दिवस गड्डे उपटताना त्यांनी एकदाही धड पाहिलं नव्हतं. हात चालवला होता, तोंड चालवलं होतं, मामांना ओरडल्या होत्या. आता पाहिलं.

मॅडमनी फोटो काढला आणि मोबाईलवर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "नुकसान, संपूर्ण. झालं मामी. तुमची रोपं पक्की."

मामी तिथेच चिखलात खाली बसल्या. चांगल्या कपड्यांनिशी. मामा धावले, "अगं, काय झालं?"

"मॅडमसाठी नव्हतं हो आवरलं," त्या म्हणाल्या. "मला बघवत नव्हतं."

मामाही त्यांच्याजवळ चिखलात बसले. मॅडमना वाटलं मामींना ऐकू गेलं नाही, म्हणून त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या की रोपं मिळणार, नक्की मिळणार. मामींना सगळं ऐकू येत होतं. पण त्या घडीला त्यांना नवी रोपं नको होती, हेच कोबी हवे होते.