तिच्या वर्गावरचे माझे शेरे

सिंगापूरच्या प्राथमिक शाळेत पंधरा वर्षं गणित शिकवून मला एक सवय लागली आहे. दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायचं आणि निरीक्षणाचा फॉर्म भरायचा. सहकारी माझा तास बघतात, मी त्यांचा बघते, एकमेकांच्या चुका लिहितो आणि मग कॅन्टीनमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला जातो. फॉर्मची एक प्रत मुख्याध्यापकांकडे जाते. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

एका जूनच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक युगांडातल्या एका खेड्यातल्या शाळेत तीन आठवडे मदतीला गेलो. वुडलँड्सच्या फ्लॅटमधून निघताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि लॅमिनेट केलेली अपूर्णांकांची कार्डं जास्त होती. “ममी, दे ऑल्सो नो फ्रॅक्शन्स, लाह,” लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. म्हणजे, अपूर्णांक त्यांनाही येतात. मी तिला दटावलं. पोरीचं बरोबर होतं, हे मला तिथे पहिल्याच दिवशी कळलं.

तिथे मला पाचवीची बाई जोडीला मिळाली. माझ्याच वयाची, उंच, आणि हसली की सगळा वर्ग हसायचा. वर्गात नव्वदेक मुलं. रोज मधल्या सुट्टीत ती माझ्या हातावर मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवायची आणि मी खाते की नाही ते बघत उभी राहायची. मला ती फार आवडली. आणि आवडलेल्या माणसाच्या बाबतीतच आपण जास्त गाढवपणा करतो.

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या तासाला बसले, आमचा फॉर्म भरला, एक प्रत तिला दिली आणि सवयीने दुसरी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. चांगल्या गोष्टींच्या रकान्यात एक ओळ, सुधारणांच्या रकान्यात सहा. त्यातली पहिली: तासाची सुरुवातीची पाच मिनिटं मुलं जागा बदलण्यात घालवतात, वेळ वाया जातो.

दुसऱ्या दिवशी शेंगदाणे आले नाहीत. ती माझ्याशी अगदी अदबीने बोलली, आणि तेच मला लागलं. शेवटी दुसऱ्या एका शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं. बाई अकरा वर्षं हंगामी होती. यंदा तिला कायम करायची शिफारस जिल्ह्याला जायची होती. पण तिकडच्या शाळांत कुणाविषयी मुख्याध्यापकांकडे लेखी कागद गेला, म्हणजे ती तक्रार. त्यातून पाहुणीने केलेली. मुख्याध्यापकांनी शिफारस थांबवली होती.

करायला गेले काय आणि झालं काय! मी तशीच तरातरा त्यांच्या खोलीत गेले. “सर, ही तक्रार नाही. आमच्याकडे सगळ्यांचे असे फॉर्म भरतात. माझेसुद्धा.”

“तुमचे?” ते सौजन्याने हसले. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

मी नवऱ्याला फोन केला. तो सिंगापुरात, तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात मीटिंगला निघाला होता. “घरी गेलास की माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघड. माझे सगळे निरीक्षणाचे फॉर्म, फोटो काढून पाठव.”

“सगळे? अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“पाठव म्हटलं ना!”

संध्याकाळी फोटो आले. सकाळी मी मुख्याध्यापक आणि बाई, दोघांच्या समोर फोन धरला. फार भरभर बोलते. हुशार मुलांनाच प्रश्न विचारते. मुलांवर लवकर चिडते. मुख्याध्यापक चष्मा वर करून एकेक शेरा मोठ्याने वाचू लागले आणि बाईने तोंडावर हात धरला. ‘लवकर चिडते’ हा शेरा तीन वेगवेगळ्या वर्षी आला, तेव्हा तिला हसू आवरेना. मलाही नाही.

“माझी खात्री पटली,” ते म्हणाले. “पण जिल्ह्याच्या ऑफिसात तुमच्या चुका वाचायला कोण बसलंय? शिफारशीसोबत पाहुण्यांचा कागद लागेल. दुसरा लिहा.”

चुका लिहायला मला एक तास पुरला होता. चांगलं लिहायला मी दोन दिवस तिच्या वर्गात बसले, या वेळी फॉर्म न घेता. मुलं पुन्हा जागा बदलू लागली, तेव्हा कुठे मी तिला विचारलं, हे कशासाठी?

“एका पुस्तकाभोवती चार मुलं बसतात, मॅडम. समोरच्याला अक्षरं उलटी दिसतात. रोज त्याच मुलाने का उलटं वाचायचं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन आठवडे मी त्याच खोलीत होते, आणि विचारावंसं वाटलं नव्हतं. नव्या कागदाची सुरुवात मी तिथूनच केली. पुढे दोन पानं कशी भरली ते कळलंही नाही.

सिंगापूरला परतल्यावर काही महिन्यांनी तिचा मेसेज आला: कायम झाले. मी स्टाफरूममध्ये मोठ्याने ओरडले आणि शेजारच्यांच्या कोपीला माझा धक्का लागला.

पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो निघायचा दिवस. मुख्याध्यापकांनी माझा कागद सगळ्या शिक्षकांसमोर वाचून दाखवला आणि पाकिटात घातला. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. बाईने माझा हात धरून मला थांबवलं.

“तो कागद जिल्ह्याला जाणार,” ती म्हणाली. “अकरा वर्षांत माझ्याबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं माझ्याकडे काहीच नाही.”

मी पाकीट परत मागून घेतलं आणि तिच्या टेबलाशी बसून दोन्ही पानं हाताने उतरवून काढली. ती माझ्या खांद्यामागे उभी राहून एकेक ओळ वाचत होती.